नवा मिनी ट्रॅक्टर वाटेत खरचटला, तर त्याचा रंग घरी कसा दुरुस्त करायचा

आमच्याकडे मिनी ट्रॅक्टर आला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दिवस बुडाल्यावर. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात संत्र्याची झाडं साधारण वीस-वीस फुटांवर असतात. मोठा ट्रॅक्टर दोन ओळींत घातला की भरलेल्या फांद्या मोडतात, म्हणून २४ एचपीचा छोटा घेतला होता. ट्रेलरवरून उतरवला, हळदकुंकू लावलं, चाकाजवळ नारळ फोडला, पेढे वाटले आणि त्याच गडबडीत डिलिव्हरीच्या चलनावर सही झाली. सकाळी उन्हात पाहिलं तर डाव्या मडगार्डवर साखळीने वीतभर रंग खरवडलेला, बोनेटच्या कडेला पट्ट्याची काळी रेघ आणि पुढच्या एक्सलवर दोन ठिकाणी उघडं लोखंड. डीलरला फोन केला तर उत्तर आलं, ‘माल तपासून घेतला अशी तुमची सही आहे.’

म्हणून रंगाच्या डब्याआधी गाडी उतरवून घेण्याबद्दल. गाडी शक्यतो दिवसा उतरवा. ती धुळीने माखलेली असते आणि धुळीखालचा ओरखडा दिसत नाही, त्यामुळे एक बादली पाणी आणि दोन फडकी तयार ठेवा. ट्रेलरवर साखळी किंवा पट्टा जिथे आवळलेला असतो त्या जागा आधी पुसा: पुढचा एक्सल, मागच्या एक्सलची नळी, ड्रॉबार (मागे ट्रॉली जोडायचा दांडा), मडगार्डच्या आतल्या-बाहेरच्या कडा, पायदान, बोनेटची खालची धार. रात्र झालीच तर टॉर्च समोरून मारू नका. पत्र्याला चिकटून तिरपा धरा, ओरखडा सावलीसकट उठून दिसतो. फोटो गाडी ट्रेलरवर असतानाच काढा, ट्रेलरचा नंबर दिसेल असे. जे दिसलं ते चलनाच्या दोन्ही प्रतींवर पेनाने लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या, मग आपली करा. आणि डीलर स्वतः दुरुस्त करून देणार असेल तर तुम्ही हात लावू नका. आपण काही फासल्यावर ‘हे मूळचं की नंतरचं’ हा वाद सुरू होतो.

थोडंसं खरचटलं तर काय बिघडतं, असं बरेचजण म्हणतात. वावरात चालणाऱ्या यंत्राला फांद्या लागणारच, संत्र्याला तर काटेही असतात. पण रंगाचा नुसता चकाकणारा थर खरवडणं आणि लोखंड उघडं पडणं यात फरक आहे. आपल्या गाडीवर युरिया, पोटॅश सांडतं, फवारणीचं औषध उडतं, शेणाचे हात लागतात. खताची भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते आणि उघड्या लोखंडावर बसली की गंज लवकर धरतो. तो गंज तिथेच थांबत नाही, चांगल्या रंगाच्या खाली सरकत जातो. एका पावसाळ्यात नखाएवढ्या जागेभोवती रंगाचे फुगे येतात आणि दुसऱ्या वर्षी पापुद्रे निघतात. मृग लागायच्या आत हे काम उरकलं तर ते दोन सकाळींचं आहे.

माझी पहिली खेप फसली. तालुक्याहून स्प्रेचा डबा आणला, मे महिन्यात भर दुपारी टिनाच्या शेडखाली उभा राहून मडगार्डवर मारला. रंग पत्र्यावर पडायच्या आधीच हवेत सुकत होता. हात फिरवला तर वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागत होतं, आणि आठ दिवसांत कडेने सोलायला लागलं. शेवटी बसस्टँडजवळच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी नखाने एक पापुद्रा काढला, त्याच्या खालचा भाग बोटाने पुसला आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोट तेलकट होतं. ‘भाऊ, रंग माराचं काम पाच मिनिटाचं हाय, घासाचं अर्ध्या दिवसाचं. तुमी उलटं केलं. इतकी घाई काऊन केली?’ पुढचं सगळं त्यांच्याकडून शिकलेलं आणि नंतर स्वतः करून पाहिलेलं आहे.

आधी धुवा, मग ओळखा

साध्या गाडी धुण्याच्या शाम्पूने आणि मऊ फडक्याने धुवा. कपड्याचा सोडा वापरू नका. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा वायरिंग, स्टिकर आणि खरचटलेल्या कडांवर मारू नका, सैल झालेला रंग आणखी उडतो. गाडी पूर्ण वाळू द्या. त्यानंतर दुखावलेली जागा आणि तिच्याभोवतीचा चार बोटं भाग मिनरल टर्पेंटाइनने पुसा. एका फडक्याने लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उचलायचं. एकच फडकं फिरवत राहिलं तर तेल नुसतं जागा बदलतं. डिझेलने पुसायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे घात करते. डिझेल सुकल्यावरही तेलाचा पातळ थर मागे ठेवतं आणि त्यावर कोणताच रंग धरत नाही. माझ्या बोनेटवर कुंकवात तेल कालवून लावलं होतं, तेही असंच पुसून घ्यावं लागलं.

आता ओरखड्याची खोली ओळखा. त्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओलं असेपर्यंत ओरखडा नाहीसा होत असेल तर तो फक्त वरच्या चकाकीत आहे. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर रंग खरंच कापला गेलाय. तळाशी राखाडी किंवा तांबूस थर दिसला तर तो प्रायमर, रंगाखालचा पहिला थर, म्हणजे लोखंड अजून झाकलेलं आहे. पांढरी-चंदेरी चमक दिसली किंवा तपकिरी ठिपका दिसला तर लोखंड उघडं आहे.

पट्ट्याची काळी रेघ बहुतेक वेळा ओरखडा नसतेच. रबराचा किंवा नायलॉनचा अंश रंगावर चढलेला असतो. टर्पेंटाइनने अर्धीअधिक जाते, उरलेली रबिंग कंपाउंडने, म्हणजे रंग घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टने जाते. कंपाउंड ओल्या सुती कापडावर हरभऱ्याएवढं घ्यायचं, वीतभर जागेत हलक्या हाताने गोल फिरवायचं आणि सुकायच्या आत पुसून काढायचं. कडेवर जोर देऊ नका, पत्र्याच्या धारेवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो. पाण्याने नाहीसे होणारे ओरखडेही याच कंपाउंडने निघतात. माझ्या गाडीवर एकूण नऊ जागा होत्या, त्यातल्या पाच इथेच संपल्या.

एक छोटी तपासणी मात्र आधीच करून ठेवा: लोहचुंबक लावून पाहा. हेडलाइटभोवतीचा भाग, काही गाड्यांत बोनेटचा पुढचा तुकडा प्लास्टिकचा असतो. चुंबक चिकटला नाही तर साधा प्रायमर तिथे सोलून निघतो, प्लास्टिकचा वेगळा प्रायमर लागतो.

रंग कोणता आणि शेड कशी जुळवायची

पहिला प्रयत्न डीलरच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर करा. बऱ्याच कंपन्यांचा स्वतःचा टच-अप रंग बाटलीत किंवा स्प्रेच्या डब्यात मिळतो, आणि शेडचा घोळ तिथेच मिटतो. नाही मिळाला तर अमरावती, नागपूर, अकोल्यासारख्या शहरात मशीनवर रंग मिसळून देणारी दुकानं आहेत. तिथे मोबाइलमधला फोटो दाखवून उपयोग नाही, कारण फोटोत रंग बदलतो. टूलबॉक्सचं झाकण किंवा चटकन निघणारा एखादा रंगीत तुकडा काढून सोबत न्या. तो पुसून, थोडा पॉलिश करून न्या, नाहीतर धुळीची शेड जुळवली जाते. दुकानदाराने जुळवलेला रंग कार्डावर फासून, वाळू देऊन, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात तुकड्याशेजारी धरून पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेला नारिंगी आणि लाल बाहेर आल्यावर वेगळा निघतो. ओला रंग आणि वाळलेला रंगही सारखे दिसत नाहीत.

बोनेट-मडगार्डचा रंग आणि गिअरबॉक्स-एक्सलचा रंग वेगळा असतो हे लक्षात ठेवा. खालच्या बिडाच्या भागांना बहुधा राखाडी किंवा काळा असतो. त्यासाठी इतकी काटेकोर शेड लागत नाही.

आता रंगाची जात. आपल्याकडे दुकानात तीन प्रकार भेटतात. सिंथेटिक इनॅमल, म्हणजे दार-खिडकीला मारतो तो, ब्रशने चांगला बसतो आणि हळू वाळतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज), ज्याला जुने रंगारी ड्युको म्हणतात, पटकन वाळतो पण पेट्रोल सांडलं की उतरतो. पीयू (पॉलियुरेथेन) सगळ्यात टणक, त्यात हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं द्रव मिसळावं लागतं. घरच्या कामाला मी पीयू सुचवणार नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा तो अडवत नाही. पीयूच मारायचा असेल तर योग्य मास्क असलेल्या पेंटरकडून मारून घ्या.

यातली मोठी खोड म्हणजे थिनरचं, रंग पातळ करायच्या द्रवाचं, भांडण. खाली सिंथेटिक आणि वर एनसी किंवा पीयू मारला तर वरच्या रंगाचा तेज थिनर खालचा थर फुगवतो आणि सुरकुत्या पडतात. साधा रेड ऑक्साइड प्रायमर सिंथेटिक जातीचा असतो, त्यावर ड्युकोचा स्प्रे मारला की हेच होतं. म्हणून प्रायमर आणि रंग एकाच दुकानातून, एकाच जातीचे घ्या आणि डब्यावर लिहिलेलाच थिनर वापरा. गाडीचा मूळ रंग कसा आहे ते मडगार्डच्या आतल्या बाजूला तपासा: एनसीच्या थिनरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. कापसावर रंग उतरला नाही तर तो भट्टीत भाजलेला किंवा हार्डनरचा पक्का रंग आहे, आणि त्यावर नीट घासून काहीही बसतं. उतरला तर ब्रश आणि सिंथेटिक बरा.

वेळ आणि जागा

विदर्भात या कामाला हवामान फार नडतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. रंग पसरायच्या आधीच सुकतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. पत्र्यावर तळहात आरामात ठेवता येत नसेल तर काम थांबवा. उन्हाळ्यात सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ, तोही वावटळ उठायच्या आत. पावसाळ्यात उलट होतं: दमट हवेत एनसी रंगावर दुधाळ पांढुरकी झाक येते आणि घासलेल्या लोखंडावर काही तासांत गंजाची छटा चढते. हिवाळा सगळ्यात चांगला, पण सकाळी पत्र्यावर दव असतं. ऊन येऊन पत्रा कोरडा झाल्यावर दहाच्या सुमारास सुरुवात करा आणि चार वाजता थांबा, म्हणजे रंग दव पडायच्या आत धरतो.

जागा मोकळी पण आडोशाची हवी. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ दाबा, ते सुकायला लागलं की रंगाचा डबा उघडा. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: ज्या खोलीत किंवा पडवीत कापूस रचलेला आहे, तिच्याजवळ थिनर उघडू नका. भाव वाढायची वाट पाहत आपल्या घरांत महिनोन्‌महिने कापूस पडलेला असतो. थिनरची वाफ जमिनीसरशी पसरते आणि चुलीचा किंवा बिडीचा एक ठिपका पुरतो. गोठ्यातही नको, बैल बांधलेले असताना तर नकोच.

घासणं

इंजिन पूर्ण थंड. तारेचा ब्रश लावलेला ग्राइंडर वापरणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पण छोट्या जागेला हातच बरा. मास्किंग टेपने झाकायच्या गोष्टी: स्टिकर, रबरी पाइप, वायर, ग्रीस निप्पल, ऑइल सील, हायड्रॉलिकचा चकचकीत दांडा, चेसिस नंबरची पट्टी आणि रेडिएटरची जाळी. चेसिस नंबरवर रंग गेला तर पुढे कागदपत्रांच्या वेळी डोकेदुखी होते. सायलेन्सरला साधा रंग लावूच नका, तो जळून पिवळा होतो. त्याला उष्णता सोसणारा वेगळा रंग मिळतो.

आधी जो रंग सैल आहे तो ब्लेडच्या पाठीने उचलून टाका. उचलायचं भय वाटून अर्धवट सोडलेली कडच पुढे सोलते. लोखंडावर गंजाचा ठिपका असेल तर १८० नंबरच्या वाळूच्या कागदाने चमक येईपर्यंत घासा. खड्ड्यात काळे कण उरले तर गंज काढायचं द्रावण लावा आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे धुऊन वाळवा. त्यानंतर ३२० ने कडा उतरवा. हाच कामाचा गाभा आहे. जुना रंग जिथे संपतो आणि लोखंड सुरू होतं तिथे पायरी असते. ती पायरी उतारासारखी व्हायला हवी. बरोबर झालं की जागेभोवती कडी दिसतात: मधे लोखंड, मग प्रायमरचं वलय, मग रंगाचं. डोळे मिटून बोट फिरवा, बोटाला कुठेच ठेच लागायला नको. काकांनी मला तीनदा परत घासायला लावलं ते याच कारणाने. कागद बोटाने दाबून घासलात तर बोटांच्या आकाराचे चर पडतात, म्हणून कागद रबराच्या तुकड्यावर गुंडाळा. जुन्या चपलेचा तळवा छान चालतो.

शेवटी भोवतीच्या चांगल्या रंगावर ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून फिरवा, एक-दीड इंच रुंदीत चमक जाईपर्यंत. गुळगुळीत रंगावर नवा रंग पकड घेत नाही. मग पुसा, वाळवा, टर्पेंटाइनने पुन्हा पुसा, आणि आता उघड्या बोटाने हात लावू नका, घामाचा ठसा राहतो.

पोचा असेल आणि डोळ्यांत खुपत असेल तर पुट्टी. जुने रंगारी तिला लांबी म्हणतात. ती पातळ थरांत भरा, एकदम जाड भरली तर आतून ओली राहते आणि तडकते. मडगार्डसारख्या हलणाऱ्या पत्र्यावर जितकी कमी तितकी बरी. माझ्या एक्सलवरच्या खाचा मी तशाच ठेवल्या, त्यावर नुसता रंग चढवला.

प्रायमर आणि रंग

लोखंड उघडं केलं की त्याच तासात प्रायमर गेला पाहिजे, ‘उद्या सकाळी मारू’ चालत नाही. पातळ दोन हात, मधे डब्यावर दिलेला वेळ. प्रायमर लोखंडाच्या थोडा पलीकडे, प्रायमरच्या जुन्या वलयापर्यंत जाऊ द्या. वाळल्यावर ६०० ने हलकेच एकदा फिरवा आणि पुसा.

रंगाचा डबा तळापासून काडीने हलवा, निदान पाच मिनिटं. रंगद्रव्य खाली बसलेलं असतं, नुसता वरचा रंग घेतला तर शेड जुळूनही जुळत नाही. लागेल तेवढाच वाटीत काढा आणि जाळीदार कापडातून गाळा. नखाएवढ्या जागेला चित्रकलेचा बारीक गोल ब्रश घ्या आणि रंग ओढू नका, टेकवा. एका दमात खड्डा भरायचा मोह होतो, पण जाड थेंब वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आकसतो. तीन-चार पातळ हात द्या. शेवटचा हात भोवतीच्या रंगापेक्षा केसभर उंच राहू द्या, वाळल्यावर तो थोडा बसतो.

वीतभर जागेला स्प्रेचा डबा बरा. दोन मिनिटं हलवा, आधी पुठ्ठ्यावर मारून धार पाहा. पत्र्यापासून २० ते २५ सेंटिमीटरवर धरा. बटण पत्र्याबाहेर दाबायचं, हात सरळ चालवायचा आणि पुन्हा पत्र्याबाहेर सोडायचं. मनगट वळवलं की मधे जाड आणि टोकाला पातळ बसतो. पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसत राहील, तिथे थांबायला जीव होत नाही पण थांबा. मास्किंग टेप जागेला खेटून लावली तर रंगाची धार उमटते. टेपची कड उलटी दुमडून ठेवली की रंग धूसर होत संपतो. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, तिरपी ओढून काढा.

एक्सल, ड्रॉबार, पायदान यांना एवढे सोपस्कार नकोत. नीट पुसा, घासा, प्रायमरचे दोन हात, ब्रशने रंगाचे दोन हात, झालं.

सिंथेटिक रंग काही तासांत बोटाला लागेनासा होतो, पण रात्रभर हलवू नका आणि आठवडाभर धुऊ नका. बोनेटवरची जागा उठून दिसत असेल तर दहा-पंधरा दिवसांनी २००० नंबरच्या वॉटर पेपरने, भरपूर पाण्यात, फक्त उंचवट्यावर फिरवा आणि मग कंपाउंड. वॅक्स महिनाभरानंतर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांची शिंगं घासून रंगवतो, तेव्हा आता ट्रॅक्टरचीही एक फेरी होते. पावसाळ्याच्या ऐन मध्यात कुठे फुगा धरलाय का ते कळतं, आणि धरला असेल तर उघाडीच्या दिवशी तेवढीच जागा पुन्हा घासता येते.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला तर वरच्या हवेने साय धरतो. तो काठोकाठ भरेल अशा छोट्या काचेच्या बाटलीत ओता, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा आणि सावलीत, मुलांच्या हाताला न लागेल असा ठेवा. शेडचा नंबर, रंगाची जात, थिनरचं नाव आणि दुकानाचा फोन मी टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवला आहे.